तीन प्रतींतली विडी

"हे कोणाला खरं वाटणार नाही," कोंडाजी मामा म्हणाले, "पण एक विडी मिळवायला मला एकदा साडेतीन दिवस आणि सात सह्या लागल्या होत्या."

नवनाथचं लक्ष रस्त्यापलीकडच्या टपरीकडे होतं. पंचवटीतल्या त्या दवाखान्याच्या व्हरांड्यातून टपरी अगदी समोर दिसायची आणि टपरीला दोरीनं लटकवलेला लायटरही दिसायचा. लायटर वाऱ्यावर हलत होता. नवनाथला मात्र तो आपल्यालाच खुणावतोय असं वाटत होतं.

चार दिवस झाले होते. बरोबर चार दिवस आणि तीन तास. त्याआधीच्या बावीस वर्षांत, झोपेचे सोडले तर, चार तासही नवनाथनं विडीवाचून काढले नव्हते. माणसानं चार दिवस उपास काढले तर गावभर कौतुक होतं. विडीवाचून काढलेल्या चार दिवसांना कोणी नारळ देत नाही. पण ते काय असतात, हे ज्यानं काढले त्यालाच विचारावं.

भानगड हर्नियाची होती. नवनाथ दिंडोरीकडून टमाट्याचा टेम्पो पंचवटीच्या मार्केटात आणायचा. क्रेट उचलता उचलता पोटाला गाठ आली. सर्जन म्हणाले, "ऑपरेशन सोपं आहे. अवघड तुमचा खोकला आहे. असेच खोकत राहिलात तर मी घातलेले टाके तुम्हीच उसवाल. आधी विडी सोडा, मग तारीख घ्या."

आणि 'सोडली' असं नुसतं सांगून भागत नव्हतं. नर्सच्या टेबलावर एक नळीचं यंत्र होतं. त्यात फुंकलं की छातीत धूर किती, ते आकड्यात दिसायचं. आकडा सहाच्या आत आला तर तारीख. पहिल्या वेळी नवनाथचा आकडा आला एकवीस. दुसऱ्या वेळी त्यानं देवाची, आईची आणि टेम्पोची शपथ घेऊन सांगितलं की तीन आठवडे विडीला हात लावला नाही. आकडा आला अठरा. नर्स शांतपणे म्हणाली, "काका, यंत्राला शपथ कळत नाही." आजची तिसरी वेळ. डॉक्टरांनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं, आज जमलं नाही तर दुसरा डॉक्टर शोधा.

तरीही नवनाथला खरा जाच डॉक्टरांचा नव्हता. दोन महिने झाले, टमाट्याचे क्रेट त्याची बायको चंद्रभागा उचलत होती. वीस-बावीस किलोचा क्रेट कंबरेवर घेऊन ती टेम्पोत चढायची आणि तिचा नवरा स्टेअरिंगवर बसून आरशात बघायचा. ती एका शब्दानं कुरकुरली नव्हती. कुरकुरली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

आज तिला रक्ताचा रिपोर्ट आणायला लॅबमध्ये जायचं होतं. जाताना ती आपल्या मामांना म्हणाली, "मामा, तासभर ह्यांना सोडू नका. ह्यांनी एक विडी कुठंतरी दडवलीये."

"कशावरून?"

"सकाळपासून माझ्याशी लय गोड बोलतायत."

कोंडाजी मामा बहात्तर वर्षांचे. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. नवनाथ पळालाच तर त्यांनी धरायचं कसं? त्यांच्याकडे शाबूत असं एकच हत्यार होतं, तोंड. पण ते हत्यार अंबडपासून मालेगावपर्यंतच्या सगळ्या नात्यागोत्यात नावाजलेलं होतं. मामांच्या गोष्टीतलं निम्मं सोडून द्यावं आणि उरलेलं मामींना विचारून घ्यावं, अशी घरात रीतच पडली होती.

चंद्रभागेचा अंदाज खरा होता. नवनाथच्या डाव्या खिशात एक विडी होती आणि खिशातल्या मुठीत त्यानं ती चिमणीच्या पिल्लासारखी धरली होती. त्याचा नंबर एकविसावा. आत चौदावा चालू होता.

"येतो जरा पाय मोकळे करून," नवनाथ उठला.

"जा की," मामा म्हणाले. "पण सात सह्या कोणाकोणाच्या, तेवढं ऐकून जा."

नवनाथ दोन पावलं गेला आणि थांबला. "मामा, तुम्ही विडी ओढायचे? मी तर कधी पाहिलं नाय."

"पाहणार कसे जावईबापू? तुमचं लग्न ठरायच्या आधीच सुटली. त्याआधी रोजची दोन पाकिटं."

"विडीचं पाकीट? बंडल असतं ना विडीचं?"

"आमच्या अंबडला पाकीटच म्हणायचे," मामा सहज म्हणाले.

असेल बुवा, नवनाथला वाटलं. कारखान्यांचा मुलूख, तिकडची भाषा वेगळी असेल. तो बसला नाही, पण गेलाही नाही.

कोंडाजी मामा अंबडच्या एका कारखान्यात लोखंड कातायच्या लेथवर होते, एवढं मात्र सोळा आणे खरं. त्या कारखान्यात कामगारांचं एक मंडळ असायचं. सहा जणांनी दर शनिवारी जमायचं, खात्यातली एखादी अडचण निवडायची, ती मुळापासून उपटायची आणि वर्षाच्या शेवटी साहेबांपुढे आलेख काढून दाखवायची. पहिल्या नंबराला ढाल. मामांच्या मंडळाला सलग दोन वर्षं ढाल मिळाली होती आणि तिथंच घात झाला, कारण तिसऱ्या वर्षी खात्यात अडचणच उरली नाही. तेलगळती थांबवलेली, पट्ट्याचा आवाज घालवलेला. सहा जण तोंडं पाडून बसले.

"तेवढ्यात हर्षाली मॅडम आल्या," मामा म्हणाले. "नव्या इंजिनिअर. वय असेल चोवीस. पण नजर अशी की लोखंडात तडा कुठंय ते लांबून सांगायच्या. म्हणाल्या, अडचण नाही कशी? लेथ नंबर नऊ दिवसातून चाळीस वेळा बंद असतो. तो का?"

"कोणाचा लेथ?"

"माझाच की! मॅडमनं फळाच घेतला. पाच वेळा 'का' विचारायचं आणि मुळाशी जायचं, अशी त्यांची पद्धत. मशीन बंद का? कोंडाजी जागेवर नाही. जागेवर का नाही? कॉम्प्रेसरच्या खोलीमागं विडी ओढतोय. विडी का ओढतोय? डोक्याला ताण आहे. ताण का आहे? मॅडम ओरडतात. मॅडम का ओरडतात? मशीन बंद आहे!"

नवनाथला खदकन हसू आलं. हसल्याबरोबर पोटात कळ आली. उजव्या हातानं पोट दाबून तो बाकावर टेकला. डावा हात खिशातच राहिला.

"मग काय, त्या वर्षीची अडचण ठरली, कोंडाजीची विडी. फळ्यावर माशाचं चित्र काढलं. माशाच्या डोक्यात माझं नाव आणि काट्याकाट्यावर कारणं. एका काट्यावर तर तुमच्या मामीचं नाव होतं."

"मामींचं?"

"ताणाचा उपकाटा. नंतर पुसायला लावलं मी."

उपाय मॅडमनं शोधला. कोंडाजीच्या सगळ्या विड्या स्टोअरमध्ये जमा करायच्या. विडी पाहिजे तर बंदी नाही, कोणी 'नाही' म्हणणार नाही. पण हत्यार, हातमोजे किंवा नटबोल्ट जसे मागणी-चिठ्ठीवर मिळतात, तशीच विडीही मिळेल. चिठ्ठी तीन प्रतींत. पांढरी स्टोअरला, गुलाबी सुपरवायझरला, पिवळी कोंडाजीला.

आणि स्टोअरला बसलेला मंगळू. देवानं मंगळूला घडवताना दया घालायची राहून गेली आणि नियम चुकून दोनदा पडले, असं मामांचं म्हणणं होतं.

"पहिल्या दिवशी पळतच गेलो चिठ्ठी घेऊन. 'कारण' ह्या रकान्यात लिहिलं, तलफ. मंगळूनं चष्म्यावरून बघितलं. म्हणाला, कोंडाजीभाऊ, तलफ ह्याला कोड नाही. यादीतलं कारण लिहा. यादी बघितली. झीज, मोडतोड, गहाळ, नवीन काम. मी म्हटलं, मंगळू, माझी झीज होतीये रे! तर म्हणाला, मग जुना भाग जमा करा."

"म्हंजे?"

"म्हणजे हातमोजे बदलून घ्यायचे तर फाटके जमा करावे लागतात ना? तसं, जुनं थोटूक जमा केल्याशिवाय नवी विडी नाही."

नवनाथनं हिशोब केला आणि त्याचा चेहरा पडला. "पण मामा, पहिल्या विडीला जुनं थोटूक आणायचं कुठून?"

"बघा! तुम्ही टेम्पोवाले असून तुमच्या ध्यानात आलं. मंगळूच्या आलं नाही. त्यासाठी मॅनेजरसाहेबांची खास मंजुरी लागली. साहेब मुंबईला. ते येईपर्यंत दुपार झाली आणि तोवर तलफ बिचारी वाट बघून निघून गेली."

आत पंधरावा नंबर गेला. समोर टपरीवर कोणीतरी काडी ओढली. नवनाथनं तिकडे पाहिलं, पण ओझरतं.

पुढची गोष्ट मामांनी अशी काही रंगवली की शेजारच्या बाकावरची, पायाला पट्टी बांधलेली म्हातारीसुद्धा सरकून जवळ आली. थोटकांना भाव आला होता. कोंडाजी गेटबाहेर वाकून वाकून थोटकं वेचू लागला. त्याला असं वेचताना बघून नव्या वॉचमनला गलबलून आलं आणि त्यानं आपला वडापाव कोंडाजीच्या हातात ठेवून 'बाबा, भूक लागली तर सांगत जा' म्हटलं. कोंडाजीनं तो वडापाव खाल्ला. थोटकं नेऊन मंगळूपुढे ओतली. मंगळूनं ती एकेक उलटून पाहिली आणि परत केली: "ही आपल्या स्टोअरनं दिलेली नाहीत."

"बरोबर हाय त्याचं," पट्टीवाली म्हातारी म्हणाली.

"बरोबर काय आजी? जीव चालला होता माझा!"

एवढ्यात टपरीवरचा माणूस रस्ता ओलांडून आला आणि नेमका नवनाथशेजारी बसला. त्याच्या शर्टाला विडीचा ताजा, खमंग वास होता. नवनाथच्या नाकातून तो सरळ टाचेपर्यंत गेला. चार दिवस दाराबाहेर उभी केलेली तलफ दार फोडून आत आली. तो ताडकन उठला. या खेपेला पाय मोकळे करण्याचं नावही त्यानं घेतलं नाही.

मामांनी त्याला धरलं नाही. धरता आलंच नसतं. त्यांनी फक्त आवाज खाली आणला.

"आणि मग, जावईबापू, मी चोरी केली."

नवनाथ पायरीवर थबकला. एक पाय वर, एक खाली.

"कसली चोरी?"

"बसा, सांगतो. मोठ्यानं सांगायची नाही ती."

कोंडाजी मामांच्या उभ्या आयुष्यात चोरीची गोष्ट कोणी ऐकली नव्हती. नवनाथनं एकदा टपरीकडे पाहिलं, एकदा मामांकडे. मग तो परत आला आणि शर्टाला वास येणाऱ्या माणसाशेजारी न बसता मामांच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसला. त्या व्हरांड्यात त्या दिवशी जी काही मर्दुमकी झाली ती एवढीच, दोन पावलांची. पण ती दोन पावलं टाकायला माणसाला काय लागतं, ते क्रेट उचलणाऱ्यालाच कळावं.

चोरीचं कारण असं झालं की मध्येच पुण्याहून तपासनीस आले. त्यांनी स्टोअरची यादी तपासताना बेअरिंग आणि बुशिंग यांच्यामध्ये 'विडी, नग पंचवीस' हे वाचलं. त्यांनी हसून सोडून द्यावं की नाही? ते म्हणाले, ह्या मालाचं ड्रॉइंग कुठाय? मग कोंडाजीला विडीचं ड्रॉइंग काढावं लागलं, समोरून, वरून आणि बाजूनं. लांबी अमुक, जाडी तमुक, दोऱ्याचा रंग लाल. ड्रॉइंग आलं म्हणजे तपासणी आली. कोंडाजी स्वतः व्हर्नियर घेऊन पंचवीस विड्या मोजत बसला.

"सिन्नरच्या कोण्या माउलीनं हातानं वळलेल्या विड्या त्या," मामा कळवळून म्हणाले, "त्या काय लेथवर काढल्यात? एक जाड, एक बारीक. पंचवीसच्या पंचवीस नापास! नापास माल लाल डब्यात, डब्याला कुलूप. नवीन घ्यायच्या तर तीन टपऱ्यांची लेखी कोटेशनं आणा. टपरीवाला म्हणाला, भाऊ, विडी पाहिजे का वकील पाहिजे?"

"मग तुम्ही लाल डबा फोडला!" नवनाथ म्हणाला.

"जेवणाच्या सुट्टीत. स्क्रू-ड्रायव्हर लावला, कुलूप उचकटलं, विडी ओठात धरली, काडी पेटवली आणि वर बघतो तर हर्षाली मॅडम."

पट्टीवाली म्हातारी "अगं बाई!" म्हणाली. शर्टाला वास येणारा माणूसही पुढे झुकला.

"ओरडल्या?"

"ओरडल्या असत्या तर ओढली असती. त्या म्हणाल्या, कोंडाजी मामा, ह्याच्या आधीची कधी ओढली होती? मी आठवू लागलो. आज नाही. काल कोटेशनं. परवा ड्रॉइंग. जावईबापू, काडीनं बोट भाजलं तेव्हा ध्यानात आलं. साडेतीन दिवस झाले होते! मी विडी सोडली नव्हती हो, मी नुसता सह्यांच्या मागं पळत होतो. तलफ यायची, मी चिठ्ठी लिहायचो. चिठ्ठी सुपरवायझरपर्यंत जायची, तोवर तलफ निघून जायची. काय असते तलफ? पाच मिनिटांची पाहुणी. बस म्हटलं की मुक्काम ठोकते, दारात उभी ठेवली की कंटाळून जाते."

हेच डॉक्टरांनीही नवनाथला सांगितलं होतं, पण डॉक्टरांच्या सांगण्यात मंगळू नव्हता.

"मग सात सह्या?"

"त्या ढालीच्या दिवशीच्या. सगळे साहेब, कामगार, बायकामुलं, हॉल भरलेला. आलेख चाळीसवरून शून्यावर आलेला. मॅडम म्हणाल्या, आता मामांना त्यांची शेवटची विडी रीतसर देऊ. सात सह्यांची चिठ्ठी, तीन प्रतींत. मंगळूनं ताटलीतून विडी आणली. त्याचे डोळे पाणावले होते, पण पिवळी प्रत द्यायला विसरला नाही. मी विडी पेटवली…"

"एकवीस!" नर्सनं टेबलावरून आवाज दिला. "नवनाथ काका, एकवीस!"

"ताई, एक मिनिट," नवनाथ वळूनही न बघता म्हणाला. "विडी पेटलीये."

चंद्रभागा नेमकी तेव्हाच रिपोर्ट घेऊन पायरी चढत होती. 'विडी पेटलीये' एवढंच तिनं ऐकलं आणि तिचा चेहरा दोन महिन्यांच्या सगळ्या क्रेटांनी एकदम वाकल्यासारखा झाला. मामांनी तिला हातानंच थांब म्हटलं.

"पेटवली," मामा सावकाश म्हणाले, "आणि टेबलाच्या कडेवर ठेवली. ओठाला लावली नाही. आणि बोलायला उभा राहिलो. अर्धा तास बोललो. तिकडे टेबलावर ती एकटी जळत होती. इंचाइंचानं राख होत होती. पार दोऱ्यापर्यंत जळून गेली, माझ्याशिवाय. तेव्हा कळलं जावईबापू, विडीला आपली काडीची गरज नसते. आपणच उगाच तिच्यामागं लागतो."

म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. शर्टाला वास येणाऱ्या माणसानं खिशातलं बंडल काढलं, त्याच्याकडे बघितलं आणि परत आत ठेवलं, पण खालच्या खिशात.

नवनाथ उठला. भारावल्यासारखा टेबलापाशी गेला, नळी तोंडात धरली आणि छातीतला सगळा वारा तिच्यात ओतला. यंत्र पुटपुटलं. नर्स वाकून बघू लागली.

"तीन," ती म्हणाली.

"परत बघा," चंद्रभागा म्हणाली.

नवनाथनं परत फुंकलं. परत तीन. आतून डॉक्टरांनीच आवाज दिला, "पुढच्या बुधवारी घ्या त्यांना!" चंद्रभागेनं रिपोर्टची पिशवी छातीशी धरली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा कंबरेवर हात ठेवून नीट श्वास सोडला. "मामा," ती म्हणाली, "काय केलंत तरी काय तुम्ही?"

"मी कुठं काय केलं? त्यांनीच केलं. मी आपली माझी हकीकत सांगत होतो."

नवनाथ मात्र हसत नव्हता. तो यंत्रापाशी तसाच उभा होता आणि त्याच्या कपाळावर आठ्या जमत होत्या. आत कुठंतरी बावीस वर्षांचा अनुभव कुरकुरत होता.

"मामा," तो हळूच म्हणाला. "विडी पेटवून टेबलावर ठेवली?"

"ठेवली."

"हात नाय लावला?"

"बोट नाही लावलं."

"अर्धा तास?"

"अर्धा तास. घड्याळ लावून."

कोंडाजी मामांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी काठी उचलली आणि ते दाराकडे बघू लागले. नवनाथनं डावा हात खिशातून बाहेर काढून त्यांच्यावर रोखला. मूठ उघडली, आणि तासाभरात तिच्यात पार भुगा झालेली विडी, पान, तंबाखू आणि लाल दोरा, दवाखान्याच्या स्वच्छ फरशीवर भुरभुरली. चंद्रभागेनं ती पाहिली. नवनाथनं पाहिलीच नाही. तो सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असा ओरडला:

"ओ मामा! खाली ठेवलेली विडी मिनिटात विझती! तुम्ही उभ्या जन्मात एक विडी ओढलेली नाय!"